राक्षसगणना

वैशाखी पौर्णिमेला येऊरच्या मचाणावर
माझ्या वाट्याला तक्ता क्रमांक चार आला : राक्षस.
बिबट्या शेजारच्या मचाणाकडे, सांबर तळ्याकडे.
हे काम दरसाल नवख्याच्याच गळ्यात पडतं,
म्हणाला लखमा दुमाडा, पाटोणापाड्याचा,
आणि तंबाखू मळता मळता
मचाणाची दोरी एकदा ओढून पाहिली.

मी आजवर पाहिलेले राक्षस
सगळे माणसांतलेच होते.
मिशा, मुकुट, पोट, ढेकर.
वर्तकनगरच्या गणपतीत देखावा असायचा,
त्यातला तर हुबेहूब आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी.

लखमा हसला नाही.
मिशी तुम्ही लावली, म्हणाला.
त्यांची जात निराळी. गप बसा, दिसेल.

पहिला साडेदहाला.
आधी खांदे आले,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग उरलेला तो.
रानडुकराचं कूळ. सुळ्यांना मातीची पुटं,
पाठीवर उभी राठ आयाळ, माडीएवढ्या उंचीवर.
गुडघे टेकून कंद उकरत होता,
मोठ्या माणसाला सुई सापडू नये तसा वैतागून.
आमचा वास लागला तसा शिंकला आणि निघून गेला.
मी लिहिलं : एक. नर. मानवभक्षण : ऐकीव.

दुसरा खाडीचा. उधाणाबरोबर
नागला बंदराच्या तिवरांतून वर चढलेला.
निवटीच्या वंशातला हा, डोळे टाळूवर,
कोपरांवर चालणारा, कातडीनं श्वास घेणारा.
गोष्टींत हा पोरांना विहिरीत ओढतो.
"वढत नाय," लखमा म्हणाला,
"अंग सुकलं की मरतो, म्हणून हिरी हुडकतो.
आता हिरीच बुजवल्या."
तो पाणवठ्यात उताणा पडून राहिला, चंद्राखाली,
तापातलं पोर ओल्या फडक्याखाली पडतं तसा.

मग कितीतरी वेळ फक्त रातकिडे,
आणि खाली घोडबंदर रोडवरून
गिअर बदलणारे कंटेनर.

तिसरा तीनच्या सुमाराला.
झाडी मोडली नाही, बाजूला सारली.
शिंगं मागे वळलेली, छाती काळी, ओली,
दोन पायांवर उभा,
आणि डाव्या कानात
पिवळा प्लास्टिकचा बिल्ला.

मी लखमाकडे बघितलं.
"तबेले होते ना खाली," तो म्हणाला, "टावर व्हायच्या आधी.
म्हशीला नर झाला की तो दूध पितो, फुकट.
मग टेम्पोत घालून रातीचं इथं सोडायचे,
नाळ वाळायच्या आत.
थोडी मेली. थोडी वाघानं नेली.
दोन्हीतनं जी राहिली
ती उभी राहिली."

आमच्याकडे दूध तिथूनच यायचं.
पितळी पातेल्यातल्या सायीवरून
मी आणि शैला भांडायचो. बहुतेक वेळा मीच जिंकायचो.

तो वाकला. प्यायला.
चार बादल्या तरी प्यायला असेल, आवाज न करता.
मग मान वर केली आणि सरळ मचाणाकडे पाहिलं.
वरच्या ओठावर पाणी,
त्यावर चांदणं,
पांढरी जाड मिशी.
आता पुसेल, असं वाटत राहिलं. पुसायची असते
हे त्याला कुणी सांगितलंच नसणार.

उजाडता उजाडता मी तक्ता भरला.
कूळ : म्हैस. वय : अंदाजे माझ्याएवढं.
स्वभाव : ठाऊक नाही.
खाद्य : दूध, पण मिळालं नाही.

फाट्यावर वनपालसाहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद पसरले,
रकान्यावर बोट ठेवलं.
"हे काय कविता लिहिलीय? गवत लिहा."
लखमा चुन्याची डबी शोधत होता, किंवा शोधल्यासारखं करत होता.
मी खोडून
गवत लिहिलं.