ट्रंक, निपाणी

रात्री टीव्हीवर अमेरिकेची सुनावणी चाललेली.
भाचा चॅनेल बदलायला निघाला, म्हटलं, राहू दे.
एक बाई साक्षीला बसली होती. राखाडी कोट,
समोर पाण्याचा पेला, त्याला हात न लावलेला.
खालच्या पट्टीवर: राष्ट्राध्यक्षांचा फोन हिने ऐकला.

म्हणजे माझ्यासारखीच.

समुद्राकाठच्या कुठल्याशा लहान देशाच्या पंतप्रधानाला
राष्ट्राध्यक्ष म्हणे बोलले:
जहाजं पाठवतो, पण नव्या धक्क्याचं कंत्राट
जावयाकडे गेलं तर बरं.
मग दोघं हवामानावर बोलले.
भाचा म्हणाला, एवढं मोठं राज्य
आणि बोलणं बघ, तंबाखूच्या वखारीतलं.
छे, वखारीतले फार जपून बोलायचे.
एकोणतीस वर्षं मीच त्यांना जोडून दिलं.

निपाणी एक्स्चेंज, बोर्ड नंबर दोन.
हेडसेटच्या कमानीनं पडलेला भांग अजून मोडत नाही.
पडदी पडली की खुंटी खोचायची. हलो, ट्रंक.
कोल्हापूर ऑर्डिनरी. बेळगाव अर्जंट.
गुंटूर लाइटनिंग, आठपट पैसे,
म्हणजे भाव पडला, नाहीतर कुणीतरी गेलं.
तीन मिनिटं झाली, वाढवू?
मूरु निमिष आयतु, मुंदुवरिसला?
गावातल्या पाट्यांवरची अक्षरं बदलली,
रात्रीतून डांबर फासलं गेलं, पुन्हा रंगवली,
आमची तीन मिनिटं दोन्हीकडे तीनच.

नोकरीला लागताना कागदावर सही केली होती:
कानी पडेल ते ओठी येणार नाही.
सही अजून आठवते. मगदूममधला म जरा वाकडा आला होता.

ती पौषातली रात्र. रेस्ट हाऊसवरून लाइटनिंग कॉल.
संध्याकाळच्या सभेत ज्यांनी
शेवटच्या थेंबापर्यंत म्हणून मूठ वर केली होती,
तोच घसा. सभेमुळे बसलेला.
म्हणाले, साहेब, एवढ्यात मिटवू नका.
मिटलं तर उद्या आम्हाला कोण विचारणार?
पलीकडचा हसला.
ते हसणं कुठल्या भाषेतलं,
मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

तीन मिनिटं झाली, वाढवू?
वाढवा बाई, म्हणाले. वाढवत राहा.

तिकिटावर वेळ लिहिली, दर लिहिला, तारेत टोचून ठेवलं.
बाहेर तंबाखूचा खकाणा, शिंका,
आणि नाईट ड्यूटीचा अल्लाबक्ष चहा घेऊन आलेला.
म्हणाला, अक्का, तोंड असं का?
म्हटलं, झोप.

दुसऱ्या महिन्यात धाकटा मोर्चात गेला.
गुडघ्याखाली लाठी बसली.
विटकर तापवून मी शेक देत होते
आणि तो त्याच पुढाऱ्याचं भाषण
मला तोंडपाठ म्हणून दाखवत होता.
एका ठिकाणी चुकला. मी दुरुस्त केलं.
एवढंच बोलले.

टीव्हीवर आता वकील विचारतोय,
तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?
बाईनं शेवटी पेला उचलला.
एक घोट. आणखी एक.
मी खुर्चीत पुढे सरकले,
आणि जाहिरात लागली, कुठल्याशा सिमेंटची.

आत्या, भाचा म्हणाला, तुला असं बोलावलं असतं तर?
मला कोण बोलावणार, म्हटलं,
आणि कुठल्या कोर्टात? बेंगळूरच्या की मुंबईच्या?
आधी ते ठरू दे.
तो हसला. मी चष्मा पुसला.

आतल्या खोलीतून त्याचे वडील आले,
पाय ओढत, भिंतीला धरून.
काय चाललंय रे एवढ्या रात्री?
अमेरिका, मी म्हटलं.
मग बघा, म्हणाला,
आणि तो पाय लांब करून
माझ्या शेजारी बसला.