वरचा सिलिंडर

उद्यमनगरात दुपारी अडीचला वीज गेली
आणि सगळी लेथ यंत्रं एकदम गप्प झाली.
त्या शांततेत केरबा अंबीनं टेम्पोतून इंजिन उतरवलं,
चिखलीच्या नावेचं, दोन सिलिंडरचं,
मुंडकं पोत्यात गुंडाळलेलं,
पंख्याला अजून लव्हाळ्याचा वेढा.

"सुरू हुतंय," म्हणाला, "पण ओढ न्हाई.
एकटा बसलो तर जातंय.
दुसरा चढला की रडतंय."

दस्तगीर मिस्त्रींनी आधी काही उघडलं नाही.
दोन्ही प्लग काढले, तारा अंगाला टेकवल्या,
खालच्या भोकावर अंगठा ठेवला. म्हणाले, ओढ.
मी दोरी ओढली. फट्! अंगठा उडाला.
वरच्या भोकावर ठेवला. ओढ.
तिथं नुसता श्वास आला,
काडी विझवायलाही न पुरणारा.

गेज लावलं, तर तेही अंगठ्याचंच बोललं.
खाली एकशे पंधरा, वर पन्नास.
मग वरच्यात चमचाभर तेल, आणि परत ओढ.
पंच्याऐंशी.
"ग्यासकीट न्हाई. रिंगा," मिस्त्री म्हणाले,
"तेलानं फट बुजली, म्हणून उभं ऱ्हायलंय.
घटकाभरानं बघ, परत बसंल."

केरबा पायरीवर तंबाखू मळत होता.
मळतच होता.

हेडचे दोन बोल्ट आतच तुटले.
पिस्टन निघाला तो एका अंगानं सोललेला,
रिंगा काजळीत चिकटून मुक्या.
आणि खाली, पाणी ओढणाऱ्या पंपात,
रबरी चक्राच्या सहा पाकळ्यांतली एक शिल्लक,
बाकीच्या जागेत गाळ,
काळा, मऊ, कुणाच्या तरी उसातला.

म्हणजे पाणी बंद पडलं होतं.
म्हणजे मागची बारीक धार थांबली होती,
जी चालवणाऱ्याला मान वळवली की दिसते.
म्हणजे ती थांबलेली बघूनही
कुणीतरी मूठ पिळून धरली होती.

मी तेव्हा नवा होतो,
चूक सापडली की तोंड उघडायचो.
मिस्त्रींनी पाना माझ्या गुडघ्यावर हलकेच आपटला.

केरबाच बोलला, इंजिनाकडं न बघता.
"सोनतळीचा माळ समोर दिसत हुता.
नावंत सात जण, त्यात एक वली बाळंतीण.
तापल्याचा वास आला, धार बघितली, न्हवती.
बंद केलं असतं तर ओढीनं पुलाच्या कमानीत न्हेलं असतं.
मी म्हटलं, जळ.
पर काठापातुर जळ."

मिस्त्रींनी सिलिंडरच्या आत नख फिरवलं.
एका जागी नख अडकलं.
"घासून भागत न्हाई. बोअर मारायला पायजे,"
एवढंच म्हणाले.

पिस्टन इकडं कुठं मिळेना. आठव्या दिवशी
मिरकरवाड्याहून एसटीच्या पार्सलानं आला,
एक माप मोठा, सुरमईचा वास लागलेल्या रद्दीत.
पोवारांच्या मशीनवर बोअर झाला.
नवी रिंग मी आत सोडून फटीत पाती घालून बघितली,
घट्ट. कानशीचे चार हात,
परत पाती, परत दोन हात.
इतकं हळू काम मी त्याआधी केलं नव्हतं.

मग डांबराच्या पिंपात पाणी भरून इंजिन टांगलं.
वर एकशे अठरा. खाली तेच जुनं एकशे पंधरा.
दोरी ओढली. आख्खी गल्ली निळ्या धुरात.
मागून धार सुटली, करंगळीएवढी,
आणि केरबानं तिच्याखाली हात धरला.
कोमट झाली तरी काढला नाही.

नाव ग्रामपंचायतीची, बिलही तिच्याच नावचं.
बिघाडाचं कारण, असा एक रकाना होता.
मिस्त्रींनी चष्मा पुसला,
पेन दोनदा झटकलं,
आणि लिहिलं: वयोमान.

जळका पिस्टन केरबानं मागून घेतला,
टॉवेलात बांधला, काखेत मारला.
टेम्पो वळल्यावर मी पिंपातल्या पाण्यात हात धुतले.
वर तेलाचा तवंग होता.
पाणी अजून कोमट होतं.