येतलो

वाळपईत डिसेंबर उशिरा उजाडतो.
म्हादईवरून धुकं उठतं, कॉन्व्हेंटच्या कुंपणाशी थांबतं,
नंबर विचारायला लाजणाऱ्या पेशंटसारखं.

आगमनकाळातला पहिला रविवार.
चॅपेलमध्ये आम्ही पाच जणी, आणि इनासिन,
जी जपमाळ हातात धरून झोपते.
जांभळ्या मेणबत्त्या तीन. गुलाबी यंदा म्हापशातही मिळाली नाही.
सिस्टर बेर्तानं पांढरं मेण वितळवून
ड्रायव्हर फोंडूच्या बायकोचं कुंकू त्यात घातलं.
रंग आला, गुलाबी म्हणवेल इतपत.

माझा हा इथला अकरावा डिसेंबर.
घर आंत्सिराबेला, मादागास्करच्या उंच माळावर.
माती तिथंही अशीच तांबडी, कपड्याला धरली की सुटत नाही.
आले त्या दिवशी होंड्याच्या रस्त्यावर
खनिजाचे ट्रक पाहिले आणि रडले.
लोकांना वाटलं, डोळ्यांत धूळ गेली.
तीही गेली होती.

तिथलं घड्याळ अडीच तास मागं.
आईला फोन करायचा तर पाण्याच्या टाकीखाली उभं राहायचं,
रेंज तिथंच. गेल्या महिन्यात ती म्हणाली, कोण बोलतंय?
मी नाव सांगितलं.
ती ना, ती लांब असते, म्हणाली. काही निरोप?
मी म्हटलं, नाही, सहज केला होता.

बोलावणं येतं तेव्हा केवढा आवाज असतो त्याला.
मग उरते बीपीची पट्टी, गोळ्यांचा हिशेब,
आणि पहाटेची प्रार्थना,
पाण्याशिवाय गिळलेल्या गोळीसारखी, घशात अडकलेली.

तीन नंबरच्या खाटेवर शेवंती गावस.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.
ऑपरेशन? झील येऊं दे, मगे बघूं.
झील बोटीवर, आठ वर्षं.
रोज तिन्हीसांजेला विचारते, शिस्तर, बाबलो येतलो मगे?
आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच, येतलो.

मराठी मी इथंच शिकले, शाळेतल्या बाईंकडून.
'येईल' म्हटलं की दाराला थोडी फट राहते,
येईल, कदाचित, बघू.
शेवंतीच्या 'येतलो'ला फट नाही.
आमच्याकडे म्हणतात, हु आवि.
आणि आमच्याकडे भविष्य समोर नसतं.
समोर असतं ते होऊन गेलेलं, कारण ते दिसतं.
येणारं पाठीमागून येतं.
त्याची नुसती पावलं ऐकायची.

तिसऱ्या रविवारी रात्री केरीला एक बाळंतपण होतं.
मुलगी झाली, उलटी आलेली, उशिरा रडली.
परतताना जीप बंद पडली. फोंडू तिच्यापाशी थांबला,
मी शेवटचा मैल चालत आले.
लाईट गेलेली. फाटक, अंगण, पायऱ्या,
सगळं ओलांडून मी दाराशी पोचले
आणि पाठीमागून आवाज आला,
आयलें गो तूं?

पायरीवर शेवंती, घोंगडीत गुरफटलेली.
मी तिच्या अंगावरूनच गेले होते.
पावलां वळखलीं, म्हणाली. दमल्या तुझीं पावलां.
इतक्या रात्री बाबलोची वाट बघतेस?
ती हसली, माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला हसतात तसं.
बाबलोची तिन्हीसांजेक. रातची तुझी.

मी तिच्याजवळ बसले. बराच वेळ.
दव पडत होतं, खाली कुणाच्या तरी वायंगणात
पाणी सोडलेलं ऐकू येत होतं.
अकरा वर्षं मी मोजत होते, किती जणांसाठी आले.
माझी वाट कोण पाहतं, हे कधी मोजलंच नव्हतं.

पहाटे टाकीखाली गेले.
कोण बोलतंय, आईनं विचारलं.
निरोप आहे, म्हटलं. तुमच्या मुलीचा.
सांग.
हु आवि.
खरं होईल का, मला ठाऊक नव्हतं.
पण फट ठेवली नाही.
ती काही बोलली नाही. फोन तिनं कानाशीच धरला असावा,
कारण पलीकडे, अजून अंधार असलेल्या अंगणात,
आमचा कोंबडा आरवलेला मला ऐकू आला.