भुईकाटा

ट्रक आधी रिकामा येतो, मग भरून येतो.
मी दोन्ही आकडे लिहिते,
मोठ्यातून धाकटा वजा करते.
उरतं ते निव्वळ.
अकरा वर्षं झाली सावद्याच्या या काट्यावर,
केळीशिवाय कशाचंच निव्वळ मला काढता आलेलं नाही.

खिडकीसमोर साड्यांच्या दुकानाचा फलक आहे.
त्यावरच्या बाईला पोटच नाही.
जिथे पोट असायला हवं
तिथे दुकानाचा फोन नंबर.
दर दिवाळीला बाई बदलते,
नंबर तोच.

एक ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, तुम्ही केबिनमध्येच राहा,
काट्यावर पाय ठेवला तर माझा माल फुकटचा वाढेल.
सगळे हसले. मीही हसले.
त्या दिवशी दोन पावत्या चुकल्या.

तेजलनं, माझ्या भाचीनं, लग्नातला माझा फोटो नीट केला.
"आत्या, दंड थोडे आत घेतले, हनुवटी एकच ठेवली."
पाहते तर मागचा मांडवाचा खांबही
माझ्या दंडासोबत आत वाकलेला.
मला त्या खांबाचीच जास्त दया आली.

ती स्वतः रात्रीचं जेवत नाही.
बट्टी फोडते, वरणात बोट फिरवते,
मग बट्टी ओढणीत, ओढणीतून कुत्र्याला.
सतरा वर्षांची. दिव्याखाली मनगटाचं हाड
पांढरं दिसतं.

तिला आठवीत शाळेतून मिळालेली सायकल
गोठ्यात, गवऱ्यांमागे पडली होती.
रशीद पिंजारी म्हणाला, "ताई, गादी रुंद टाकतो, स्प्रिंगवाली."
मी मान खाली घालून हसण्याची वाट पाहिली.
तो पाना शोधत होता.
"लांबच्या रस्त्याला हीच बरी," म्हणाला, आणि पाना सापडला.

पाचला निघते. सातला ऊन भांडायला उठतं.
फैजपूरच्या रस्त्याला बागा लागून आहेत;
कडेनं चालवलं की एक अंग ठिबकच्या ओलीनं गार,
डांबराकडचं दुसरं अजून कालच्या उन्हाचं.
पहिल्या दिवशी पाटचारीपर्यंतच गेले.
धाप, मांडीला मांडी घासून आग, ओढणी चेनमध्ये,
आणि क्लासला निघालेली पोरं: "ए, ट्रॅक्टर!"

तिसऱ्या आठवड्यात चढावर
खरोखरच्या ट्रॅक्टरला मागे टाकलं.
ट्रॉलीत घडांवर बसलेल्या बाईनं हात केला.
का केला, माहीत नाही. मीही केला, सायकल डगमगली.

घड तीस किलोचा झाला की मालक फोटो काढतो,
शेजाऱ्याला बोलावून दाखवतो,
झाड वाकू नये म्हणून बांबूचा टेकू देतो.
संध्याकाळचं खाऊ नकोस, असं झाडाला कोणी म्हणत नाही.
हे मला पायडल मारतानाच सुचलं.
घरी काही सुचत नाही.
घरी मी पोट आत ओढून बसलेली असते.

काल संध्याकाळी काटा मोकळा होता.
सायकलसकट वर गेले. आकडा आला: शंभर.
या काट्याला दहा किलोच्या आतलं काही कळत नाही.
दोन महिन्यांत गेलेले माझे पावणेतीन किलो
त्याच्या हिशेबी गेलेच नाहीत.
मीही मग त्यांना शोधायला गेले नाही.

तेवढ्यात तेजल डबा घेऊन आली.
"आत्या, उतर न व, लोकं पाहतील."
म्हटलं, तूच ये वर.
आली. एकशे चाळीस.
दोघी आणि एक सायकल, भरलेलं वजन;
रिकामं कोणाचं धरायचं ते ठरेना,
पावती फाडली नाही.

घरी जाताना तिला कॅरिअरवर घेतलं.
रेल्वे फाटकाजवळच्या वळणावर
एक हात हँडलवरून काढून
मागे चाचपून पाहिलं,
बसलेली आहे ना.