सरक

सेलूच्या स्टेशन रोडला इनायतभाईच्या दुकानात
शाईच्या बाटल्या उन्हापासून आत, वह्यांच्या गठ्ठ्यांमागे.
झाकण उघडण्याआधी तो विचारतो,
"क्या लिखते बाई? चिठ्ठी, या हिसाब?"
मी म्हणते, दस्त.
तहसीलच्या भिंतीला टेकून टेबल माझं,
वर पत्रा,
वैशाखात पारा त्रेचाळीसवर
आणि कच्चा मसुदा अजून हातानंच.

मग रद्दीच्या वहीवर, माझीच निब बुडवून :
ही काळी. दिसायला देखणी,
पण अर्ध्या ओळीत घसा बसतो तिचा.
ही पक्की, पाण्यानं जात नाही;
निबच्या चिरेत मात्र कूळ लागल्यासारखी बसते.
ही जांभळी इतकी वाहती
की सरकारी कागदावर अक्षरांना पाय फुटतात,
एक वारस दुसऱ्याच्या हद्दीत.

"बोअरचं पानी नक्को मिलाव, खार धरतंय.
आणि नुस्ता बहाव काय कामाचा?
सरक पाहिजे.
आसाला वंगण नसलं तरी चाक फिरतंच की,
पर गावभर ऐकू येतं."

चौथी निळी.
कान लावते. निब बोलत नाही.
तो म्हणतो, आता उघडीच धर, चहा येऊ दे.
चहा येतो, कप रिकामे होतात,
आणि पहिल्याच फटक्यात रेघ उठते, ओली.
हेच हवं होतं. माझ्याकडे लोक फार थांबतात :
खरेदीखतात रकमेपाशी,
मृत्युपत्रात थोरल्याच्या नावापाशी.

मागच्या मंगळवारी वालूरची एक बाई,
हक्कसोडपत्राला. भाऊ बाहेर,
मोटारसायकल चालूच ठेवून.
'राजीखुशीने, कोणत्याही' इथवर आले
आणि काळी सुकली.
झटकली, फुंकली, निब फडक्याला पुसली.
तेवढ्यात ती म्हणाली, "दमा जरा."
माठातलं पाणी प्याली.
"किती गुंठे लिवले, ते वाचा बरं."
वाचलं. तिनं पदरानं तोंड पुसलं,
उद्या येते म्हणाली.
अजून आलेली नाही.

इनायतभाई निळी कागदात गुंडाळतो.
"और वो पुरानी काली? फेक दी ना?"
मी सुट्टे पैसे मोजत राहते.

ती खणात आहे,
झाकण सैल ठेवून.