भारीट

पौष सरत आलेला, दादर डोक्याच्या वर गेलेली,
थाळनेरच्या खाली तापीवर धुकं अडकलेलं.
मी बांधावरून ओरडून विचारलं,
"उखर्डूबाबा, भारीट आले का?"
मचाणावरून उत्तर आलं,
"भरीत ऐतवारी. वांगी अजून यायचीत बामणोदची."

कान गेलेत त्याचे. डोळे नाही गेलेले.
मी कणसाकडे बोट केलं, स्वतःचं पोट दाखवून म्हटलं, पिवळं,
तेव्हा हसला.
"ते व्हय! ते तं कधीच पोचले."

पोचलेच होते. दोनशे असतील, की चारशे,
माझ्या वहीत प्रत्येक ओळीवर खाडाखोड.
एक बसला की कणीस जरासं झुकतं,
दाणा चोचीत आडवा,
जिभेनं एक वळसा, धारेवर दाब,
टच्.
टरफल वाऱ्यावर.
आई सुपानं दुपारभर जे करायची
ते एवढ्याशा तोंडात, एका श्वासात.

मुनियांचं निराळं. त्या बांधाच्या पवन्यात,
काडीला लोंबकळलेल्या, वजन घरी ठेवून आल्यासारख्या.
राईहून बारीक बी, आणि तेही सोलून.
ज्वारीला शिवतात, पण दाणा चिकात आहे तोवरच.

उखर्डू म्हणतो, दुपारी काही नाही,
बाभळीत बसतात फुगून.
खरं खाणं दिवस कलल्यावर.
"रात लांबडी शे ना. पोटात काहीतरी पाहिजेच."

साडेचारला थवा परत आला
आणि कणसांवर नुसती घाई उडाली.
राखणीचा तास तोच, मजुरी त्याच तासाची.
उखर्डू उठला, गोफण गरगरा फिरवली, सोडली,
फट्ट!
आत दगड नव्हता.
थवा उठला, एक गिरकी, चार सऱ्या पलीकडे बसला.
"मालकले आवाज आयकू जास," तो म्हणाला, "बस व्हयनं."

ऐतवारी पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली.
दाढा नाहीत त्याला; कळण्याची भाकरी भरितात बुडवून
गालात या बाजूची त्या बाजूला, सावकाश,
मिरचीचं देठ तेवढं ओठांतून बाहेर.
ऊन असतानाच जेवून घेतलं त्यानं.
मचाणावर घोंगडी एकच.

वहीत लिहिलं: भारीट, अंदाजे तीनशे दहा.
त्या आकड्यावर तेलकट अंगठा उठलाय,
त्याचा की माझा,
माहीत नाही.