ओतायची वेळ

उद्यमनगरात एकतीस वर्षं
रसाचा रंग बघून सांगायचो मी :
अजून नको. थांब. आता.
घाईनं ओतला तर वाळू जळते,
घटकाभर उशीर झाला तर साच्यात मध्येच गोठतो.
कधी चुकलो नाही.
चुकलो. दोनदा.

आता तीच वाळू छातीत बसलीय.
पुण्याचे डॉक्टर म्हणाले, मगदूम,
फार लवकर नाव घातलं तर आहेत ते बरे दिवस पणाला लागतील,
फार उशिरा घातलं
तर टेबलावर घेण्याजोगे उरणार नाही तुम्ही.
मधली वेळ कुठली, विचारलं
तर सहा मिनिटं चालायला लावलं
आणि मीटर मोजले.
दोनशे चाळीस.

नाव घातलं की पुण्यात खोली, उशाला फोन.
शालन म्हणते, थोरलीचं बाळंतपण होऊ दे.
धाकटा म्हणतो, आजच सही करा.
ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात घुरघुरतं,
ते कुणाच्याच बाजूचं नाही.

काल रिक्षानं रंकाळ्यावर गेलो.
तिसऱ्या बाकापर्यंत चाललो.
दिवाळीत पाचव्यापर्यंत जायचो.
घरी सांगितलं, पाचव्यापर्यंत.

रात्री हायवेकडनं सायरन येतो
आणि मी उठून बसतो.
कोण असंल, केवढा असंल,
रक्तगट काय...
अजून यादीत नाव नाही माझं,
तरी.

शालन अंधारातच विचारते,
धाप लागली का?

मी हो म्हणतो.